कुळाची तवानगी : शिवकाल व पेशवाई यांतील कुटुंबसाह्याच्या कागदांचा विचार

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापून प्रसिद्ध करण्याच्या कार्यास कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं इ. स. १८९८ सालीं आपला पहिला खंड काढून जी गति दिली, ती पुढें अनेक हातांनीं चालू ठेविली. तेव्हांपासून आजपर्यंत स्वाऱ्या, तह, वकिलाती, गृहकलह व कर्जें यांचीं पत्रें हजारोंनीं उजेडांत आलीं. राज्य कोणीं मिळविलें व कोणीं घालविलें याचा निवाडा करण्यास पुरेसा पुरावा आतां अभ्यासकांच्या हातीं आहे. परंतु त्याच राज्यांतील एखाद्या गरीब कुळाचा बैल मेला, घरचा कर्ता पुरुष लढाईंत पडला किंवा लागोपाठ दोन वर्षें पीक बुडालें, म्हणजे त्या घरास सरकारांतून कांहीं मिळे काय, मिळे तर कोणत्या चौकशीवरून मिळे, आणि मिळालेलें त्याच्या उंबरठ्याच्या आंत पोंचलें हें आज आपण कशावरून ओळखावें, या प्रश्नांकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे होतें तितकें दिलें गेलें नाहीं.

या विषयावर दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, आमचे राजे दानशूर होते, त्यांनीं प्रजेस पोटच्या लेकराप्रमाणें वागविलें, याहून अधिक पुराव्याची गरज नाहीं. दुसरें मत असें कीं, जुन्या राज्यांस वसुलाखेरीज रयतेची ओळखच नव्हती. गरिबांची चौकशी करून साह्य देण्याची कल्पना इंग्रजी अंमलाबरोबर आली. पहिलें मत भक्तीचें आहे, दुसरें अवज्ञेचें आहे, आणि दोन्ही कागद न पाहतां दिलेलीं आहेत. आम्ही प्रस्तुत लेखांत उपलब्ध कागदांचा प्रत्येकीं काय साक्षीभाव आहे तेवढाच पाहणार आहों.

१

या विषयांतील सर्वांत मोलाचें अस्सल पत्र म्हणजे श्रीशिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस इ. स. १६७६ च्या सप्टेंबरच्या ५ व्या तारखेस लिहिलेलें पत्र होय. राज्याभिषेकास दोन वर्षें लोटलीं होतीं व कर्नाटकावरील मोठी मोहीम पुढें उभी होती. अशा वेळीं द्रव्याची ओढ असावयाची. तरीहि एका सुभेदारास कुळांच्या घरांत पैसा घालण्याची आज्ञा या पत्रांत आहे. पत्र अनेक वेळां छापलें गेलें आहे. तथापि त्यांतील दयाभाव तेवढा उचलून वक्ते पुढें जातात, आणि त्यांतील कार्यपद्धति दृष्टीआड राहते. आम्हांस ती पद्धतिच अधिक महत्त्वाची वाटते.

ती पद्धति अशी. सुभेदारानें कचेरींत बसून याद्या मागवावयाच्या नाहींत. स्वतः कष्ट करून गांवोगांव फिरावयाचें. ज्या गांवीं जाईल तेथील कुणबी एकत्र करावयाचे व प्रत्येकाजवळ मनुष्यबळ किती, कुवत किती, बैल व दाणा किती हें पाहावयाचें. ज्याच्यापाशीं सर्व साहित्य आहे तो आपली कीर्द आपण करील. त्यास कांहीं देण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याच्या घरीं माणूस आहे, अंगांत कुवत आहे, पण जोतास बैल नाहीं, नांगर नाहीं, पोटास दाणा नाहीं, आणि एवढ्याच उणिवेमुळें जो अडून बसला आहे, त्यास दोन-चार बैलांचे पैसे द्यावयाचे, बैल घेववावयाचे व पोटासाठीं खंडी-दोन खंडी धान्य द्यावयाचें. मग त्याच्यानें जेवढें शेत होईल तेवढें करवावयाचें. दिलेल्याची फेड पुढें घ्यावयाची ती वाढीदिडी न लावतां, केवळ मुदलाची. आणि तीहि हळूहळू, त्याच्या तवानगीच्या मानानें. तवानगी येईपर्यंत त्यास वागवून घ्यावयाचें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य आहे, असें महाराजांनीं स्पष्ट लिहिलें आहे.

येथें दोन-तीन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. लारी हें कोंकणच्या बंदरांत चालणारें चांदीच्या वांकविलेल्या तारेचें नाणें. इराणांतील लार शहरावरून त्यास हें नांव पडलें. दिडी म्हणजे एक मण धान्य उसनें नेऊन सुगीस दीड मण परत करणें. गांवच्या सावकारीचा हा नेहमींचा व्यवहार होता, व गरीब कूळ एकदां त्यांत सांपडलें म्हणजे सुटत नसे. तेव्हां वाढीदिडी न घेण्याची आज्ञा ही नुसती सवलत नव्हे. कुळास ज्या फासांतून काढावयाचें तोच फास सरकारानें पुन्हां त्याच्या गळ्यांत घालूं नये, हा विवेक तींत आहे. तवानगी हा फारशी शब्द. त्याचा अर्थ शक्ति, उभे राहण्याची ताकद. या एका शब्दाभोंवतीं सारें पत्र फिरतें. साह्य द्यावयाचें तें तवानगी आणण्यासाठीं, फेड घ्यावयाची ती तवानगी पाहून, आणि साह्याची मुदत ठरवावयाची तीहि तवानगीवरून.

याच पत्रांत मागील बाकीचाहि विचार केला आहे. एखाद्या कुळावर जुनी बाकी चढली आहे, त्याच्याजवळ देण्यास कांहीं नाहीं, तरी पुढें कष्ट करण्याची उमेद तो धरून आहे. अशा कुळावर बाकीचा लकडा लाविला तर तें मोडून परागंदा होणार. म्हणून अशी बाकी कोणाकोणाची आहे हें नीट समजून घेऊन हुजूर कळवावें, म्हणजे माफीची सनद दिली जाईल, असा आशय आहे. येथें माफीचा अधिकार सुभेदारास दिलेला नाहीं हें लक्षांत ठेवावें. त्यानें चौकशी करावी, तेरीज पाठवावी. सोडणें न सोडणें हुजुरांतून ठरेल. चौकशी करणारा व माफी देणारा निराळे ठेविले म्हणजे मर्जीतल्या माणसाची बाकी सोडून गरिबाची वसूल करण्यास वाव कमी राहतो. दयेच्या कामांत लबाडी शिरते ती नेमकी येथूनच, हें लिहिणारास ठाऊक होतें.

तथापि या पत्राचा पल्ला कोठें संपतो हेंहि सांगितलें पाहिजे. आज्ञापत्र हा उद्देशाचा पुरावा आहे, कृतीचा नव्हे. कोणत्या गांवच्या कोणत्या कुळास किती बैल मिळाले, हें ठरविण्यास सुभ्याचा जमाखर्च लागतो. जो लेखक या पत्राच्या आधारें प्रत्येक कुणब्याच्या दारीं सरकारी बैल बांधलेले दाखवितो, तो पत्रास न पेलणारें ओझें त्याच्या पाठीवर लादतो.

२

आज्ञापत्राच्या जोडीस दुसरी साक्ष कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीची आहे. ही बखर राजाराम महाराज जिंजीस असतां त्यांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. सभासद शिवकालांत वावरलेला असल्यामुळें इतर बखरींहून त्याच्या शब्दास अधिक वजन आहे. जमिनीच्या व्यवस्थेचें वर्णन करतांना पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा बिघा, एकशेंवीस बिघ्यांचा चावर हीं मानें तो देतो, आणि त्याच प्रकरणांत नव्या रयतेस गुरेंढोरें, बीं, दाणा व पैका देऊन दोन-चार वर्षांनीं फेड घेत असल्याचें सांगतो.

आतां ही साक्ष व रामाजी अनंताचें पत्र एकमेकांस ताडून पाहावीं. दोन्हींचा मूळ व्यवहार एक आहे: बैल, दाणा, पैसा आणि सावकाश फेड. एक साक्ष त्या वेळची व हुकुमाच्या स्वरूपाची. दुसरी नंतरची व आठवणीच्या स्वरूपाची. दोघांत मेळ बसतो, म्हणून हा व्यवहार प्रभावळीपुरता एकदां सुचलेला नसून राज्याच्या रीतींत मोडत होता, असें म्हणण्यास आधार मिळतो. भेद एवढाच कीं, बखरकार वर्षांची मर्यादा सांगतो, पत्र कुळाची तवानगी हीच मर्यादा धरतें. जेथें बखर व अस्सल पत्र यांत अंतर पडेल तेथें पत्राचा शब्द प्रमाण धरावा हा आमच्या शास्त्राचा सामान्य नियम आहे.

अफजलखानाच्या प्रकरणानंतर (इ. स. १६५९) केलेल्या व्यवस्थेविषयीं सभासदानें लिहिलेला मजकूर तर प्रस्तुत विषयाचा गाभाच आहे. जे लोक कामास आले त्यांच्या मुलांचें चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. आणि जखमी झाले त्यांस जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास किंवा पंचवीस होन दिले, असें तो सांगतो. यांत तीन निरनिराळे वर्ग आहेत व प्रत्येकास निराळा न्याय आहे. मुलगा आहे तेथें घराची पुढील कमाई त्याच्या हातीं देणें, मुलगा नाहीं तेथें विधवेस कायमचें वेतन, आणि जखमीस एकवार रक्कम; तीहि सरसकट नव्हे, जखमेच्या मानानें. सरसकट दानास खजिना पुरे होतो. परंतु मानामानानें देण्यास खजिन्याबरोबर पाहणी करणारा व लिहिणारा लागतो. मुलाच्या बाबतींत पोटगी न देतां त्याचें चालविणें पसंत केलें, हेंहि अर्थपूर्ण आहे. मेलेल्या शिपायाचा पोर भिक्षेकरी न होतां कामाचा माणूस व्हावा, हा त्यांतील हेतु उघड दिसतो.

३

पेशवाईंत हीच व्यवस्था नांवारूपास येऊन दप्तराचा भाग झाली. बालपरवेशी व नानपरवेशी हे शब्द पेशवेकालीन कागद वाचणारास परिचित आहेत. परवेशी हा फारशी परवरीश या शब्दाचा मराठी अवतार. नान म्हणजे भाकरी. सरकारकामीं पडलेल्या माणसाच्या लहान मुलांच्या पालनपोषणासाठीं जी नेमणूक होई ती बालपरवेशी, आणि घराच्या अन्नवस्त्रासाठीं होई ती नानपरवेशी. ही नेमणूक कोठें रोख असे, कोठें धान्याची असे, कोठें जमिनीच्या रूपानें असे.

गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले व जे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापले गेले, त्यांत अशा नेमणुकांच्या नोंदी आहेत. त्या उताऱ्यांवरच न्यायमूर्ति रानडे यांनीं इ. स. १९०० सालीं आपला प्रसिद्ध निबंध लिहून, मराठ्यांचा इतिहास लढायांपुरता नाहीं, राज्यव्यवस्थेचाहि आहे, हें दाखवून दिलें. पुढें डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत (इ. स. १९२३) याच साधनांचा उपयोग केला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत निघालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग सर्वांस ठाऊकच आहेत; मात्र त्या निवडींत राजकीय पत्रांस अग्रस्थान मिळालें व घरगुती नेमणुकांचे, हिशेबांचे कागद बहुतांशीं रुमालांतच राहिले.

रोजनिशींतील नोंद आज्ञापत्राच्या एक पायरी पुढची आहे. आज्ञेंत काय करावें तें असतें. नोंदींत अमक्यास अमुक दिलें हें असतें. त्यांत घराचें नांव येतें, कारण येतें, रक्कम येते, व ती कोणत्या महालावर लावून दिली तेंहि येतें. पण नोंदीचाहि पल्ला मर्यादित आहे. पुण्यास नेमणूक झाली म्हणजे ती महालच्या कमाविसदारानें वेळेवर दिली असें होत नाहीं. हुजूरची सनद हातीं असूनहि महालांत वर्ष वर्ष खेपा घालाव्या लागणें हें त्या काळच्या लोकांस अपरिचित नव्हतें. म्हणून रोजनिशीच्या नोंदीस महालाच्या ताळेबंदांतील खर्चाची बाजू जुळली पाहिजे. आणि ती जुळली म्हणजेच देणाऱ्याच्या हातांतून पैसा सुटल्याचें सिद्ध होतें.

शेतकरी कुळांसाठीं पेशवाईंत इस्तावा, तगाई व सूट अशा तीन वाटा होत्या. पडीत जमीन लावणारास पहिल्या वर्षीं थोडा सारा, मग वर्षास वाढत जाऊन ठराविक मुदतीनें पुरा दर, असा जो कौल मिळे तो इस्ताव्याचा कौल. बैल व बीं यांसाठीं आगाऊ रक्कम मिळे ती तगाई. पीक बुडाल्यास पाहणी करून सारा सोडीत ती सूट. या तिहींच्या मुळाशीं गांवच्या पाटील-कुळकर्ण्यांचा कागद असे. लावणीपत्रक, कुळझाडा, खानेसुमारी व पाहणीखर्डा यांवांचून कोणतें कूळ खरोखर नडलें आहे हें वरच्यास कळण्याचा मार्ग नव्हता. शिवछत्रपतींनीं सुभेदारास पायीं फिरून जें पाहावयास सांगितलें, तेंच येथें गांवच्या बारनिशींतून वर चढत असे. फायदा असा कीं, काम दरसाल आपोआप होई. तोटा असा कीं, पाटील-कुळकर्ण्यांच्या नजरेंत जें कूळ भरत नसे तें कागदांतहि येत नसे.

४

आतां या व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. ती झांकून ठेवणें इतिहासाच्या कामाचें नाहीं.

प्रथम असें कीं, राज्यांतील सर्व दानधर्म गरजेवर बेतलेला नव्हता. श्रावणमासीं पुण्यास वांटली जाणारी दक्षिणा हें त्याचें ठळक उदाहरण. सेनापति दाभाड्यांनीं तळेगांवीं सुरू केलेली ही प्रथा पुढें पेशव्यांकडे आली व मोठ्या खर्चाची झाली. ती मिळे ती विद्या व जात पाहून. घरांत चूल पेटते कीं नाहीं हें पाहून नव्हे. त्यांतून विद्येस आश्रय मिळाला हें खरें; परंतु तिची गणना गरीब कुटुंबांच्या साह्यांत करणें चुकीचें होईल. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें हीच रक्कम कमी करून चालू ठेविली, तींतून इ. स. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा निघाली, आणि पुढें याच दक्षिणा फंडांतून जोतीराव फुले व त्यांचे सहकारी यांच्या महारमांगांच्या मुलांसाठीं चाललेल्या शाळांसहि साह्य मिळालें. एका काळीं जात पाहून दिलेला पैसा तीस-चाळीस वर्षांत जातीमुळें वगळलेल्या पोरांच्या पाटीपर्यंत पोंचला, ही आमच्या सामाजिक इतिहासांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरें असें कीं, तगाई व इस्तावा यांचा लाभ होई तो जमीन करणाऱ्या कुळास. ज्याला शेतच नाहीं, जो दुसऱ्याच्या खळ्यावर राबून पोट भरतो, त्याच्यासाठीं या कागदांत रकाना नाहीं. शिवकालीन पत्रांतसुद्धां कुवत व माणूस ज्याच्या घरीं आहे त्यालाच उभें करावयाचें आहे, कारण साह्याचा शेवट पडजमीन लागून राज्याचा वसूल वाढण्यांत व्हावयाचा आहे. म्हातारा, पंगु, निराधार विधवा यांचा भार घर, जात, देवस्थान व अन्नछत्र यांवर होता. त्यांतूनहि जीं माणसें गळून पडत त्यांची गति काय होई याची साक्ष पेशवेकालीन कागदांतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे उल्लेख देतात. बालपरवेशीच्या नोंदी वाचणारानें हे कागदहि वाचले पाहिजेत. दोन्ही एकाच दप्तरांतले आहेत.

तिसरें असें कीं, ही व्यवस्था ज्या चौकशीवर उभी होती ती चौकशीच दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं ढासळली. महाल मक्त्यानें देण्याची चाल पडली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याच्या हातीं महाल जाऊं लागला. एल्फिन्स्टननें आपल्या इ. स. १८१९ च्या अहवालांत या पद्धतीचें सविस्तर वर्णन केलें आहे. पुढच्या वर्षीं महाल आपल्याकडे राहील कीं नाहीं याची ज्यास खात्री नाहीं, तो कुळाच्या तवानगीची वाट कशास पाहील? तगाई देऊन तीन वर्षांनीं फळ घेणें हा कायम राहणाराचा हिशेब आहे. मक्तेदाराचा हिशेब एका सुगीचा. राजा दुष्ट झाला म्हणून गरीब बुडाला, असें म्हणण्यापेक्षां, गरिबाची खबर घेण्यांत ज्याचें हित होतें असा अधिकारी मधून नाहींसा झाला म्हणून गरीब बुडाला, असें म्हणणें कागदांस अधिक धरून होईल.

५

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं डॉ. थॉमस कोट्स यांनीं पुण्याजवळच्या लोणी गांवाची पाहणी करून घरें, अवजारें, खाणेंपिणें व कर्ज यांचें वर्णन लिहिलें. तें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत इ. स. १८२३ सालीं छापलें गेलें. पेशवाईच्या अखेरीस दख्खनचें कुणब्याचें घर कसें होतें हें पाहण्यास याहून चांगलें साधन थोडें. परंतु ही पाहणी माहितीसाठीं होती. तिच्यावरून कोणा घरास साह्य ठरलें नाहीं. पुढें रोकड सारा, सावकारी व न्यायकोर्टें यांच्या कचाट्यांत कूळ सांपडून इ. स. १८७५ सालीं सुपें येथून दंगे उसळले, चौकशीमंडळ बसलें, व इ. स. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. चौकशी झाली, पण दंग्यानंतर.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत मात्र एक नवी गोष्ट घडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकाराकडे वारंवार पाठविली. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्याच्या मानावर आणली गेली, तेव्हां एवढ्या अन्नावर राबणारें माणूस जगत नाहीं हें सभेनें स्थळींच्या वृत्तांतांच्या आधारें मांडलें. गरिबाच्या पोटाचा प्रश्न पुराव्यानें लढविण्याचें हें महाराष्ट्रांतील पहिलें मोठें उदाहरण म्हणतां येईल. शिवकालांत खबर राजा घेत होता; येथें खबर रयतेच्या बाजूनें घेऊन राज्यकर्त्यांपुढें ठेविली गेली. पुढें डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर गांवची घरोघर पाहणी इ. स. १९१७ सालीं प्रसिद्ध केली, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेंतून प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची पाहणी इ. स. १९४५ व १९५२ अशा दोन भागांत काढली. इ. स. १९७२ च्या अवर्षणांत विस्तार पावलेली व इ. स. १९७७ च्या कायद्यानें २६ जानेवारी १९७९ पासून हक्काचें स्वरूप पावलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजनाहि याच परंपरेंत बसते. तींत कूळ निवडण्याचें काम अधिकाऱ्याच्या नजरेवर न ठेवितां, जो काम मागेल त्यास काम, या तत्त्वावर सोडलें. तीनशें वर्षांपूर्वींचा सुभेदार घरोघर जाऊन जें विचारीत असावयाचा, तें येथें कुळानेंच येऊन सांगावें अशी योजना झाली.

६

वरील विवेचनावरून या विषयाच्या पुराव्याच्या चार पायऱ्या ठरतात. पहिली आज्ञा, तीवरून हेतु कळतो. दुसरी नेमणुकीची नोंद. तीवरून निर्णय कळतो. तिसरी महालाचा व गांवचा जमाखर्च. त्यावरून पैसा सुटला कीं नाहीं तें कळतें. चौथी कुळाचा स्वतःचा शब्द, म्हणजे अर्ज, तक्रार, वादपत्र, कतबा. त्यावरून घरांत काय पोंचलें तें कळतें. जो निष्कर्ष एकाच पायरीवर उभा आहे त्यास तेवढ्याच किंमतीचा समजावा. आमचे बहुतेक गौरवलेख पहिल्या पायरीवर उभे आहेत व बहुतेक निंदालेख कोणत्याच पायरीवर नाहींत.

आतां संग्राहक मंडळींस दोन शब्द. जुन्या वाड्यांतील दप्तर हातीं आलें म्हणजे मोर्तबाचें पत्र, राजमुद्रेची सनद, नामांकित पुरुषाचें हस्ताक्षर तेवढें निवडून घ्यावयाचें आणि बाकीचे हिशेबाचे बंद रद्दींत टाकावयाचे, ही चाल अद्याप पुरी मोडलेली नाहीं. वर सांगितलेली तिसरी व चौथी पायरी नेमकी त्या रद्दींत जाते. कुळकर्ण्याच्या घरची बाकीची तेरीज, सुटीची यादी, बैल मेल्याबद्दलचा अर्ज, परवेशीच्या धान्याची पावती, हे कागद बाजारांत कवडीमोल आहेत. प्रस्तुत विषयांत त्यांची किंमत राजपत्राबरोबरीची आहे. इ. स. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनामांची तपासणी झाली तेव्हां अनेक घराण्यांनीं आपल्या हक्काच्या पुष्ट्यर्थ कागद जपून ठेविले, नकला करविल्या. ज्यांच्याजवळ इनाम नव्हतें अशा घरांचे कागद जपण्यास तेवढेंहि निमित्त नव्हतें. म्हणून श्रीमंतांचा इतिहास आपोआप टिकला. गरिबांचा आपण टिकविला तरच टिकेल.

कागद ठेवतांना कांहीं नियम पाळावे. एका रुमालांतील कागद विषयवार फोडूं नयेत. जमाखर्चाचा बंद त्याच्या शेजारच्या यादीवांचून मुका होतो. तारखेविषयीं सावध असावें. सुहूर सन मृगापासून पालटतो. त्यांत जून ते डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ सबा सबैन अलफ म्हणजे १०७७, आणि त्या सनांतील भाद्रपद मास इ. स. १६७६ त पडतो. सुटीची यादी कोणत्या सुगीची हें ठरल्यावांचून तिची दुष्काळाशीं सांगड घालतां येत नाहीं, आणि एका वर्षाची चूक झाली तर सूट दुष्काळाच्या आधींच दिलेली दिसते. तसेंच मोडींतील आंकडे, विशेषतः रुपयांच्या अपूर्णांकाच्या खुणा, नकलेंत जशाच्या तशा उतराव्या. मोठ्या रकमांच्या कागदांत अपूर्णांक गेला तरी चालतो, गरिबाच्या हिशेबांत तोच महत्त्वाचा असतो. शेवटीं, कुळांचीं नांवें गाळूं नयेत. छापतांना जागा वांचविण्यासाठीं इतर आसामी अमुक असें लिहून संपादक मोकळा होतो. परंतु एकच नांव पांच वर्षांच्या यादींत फिरून फिरून येतें कीं दुसऱ्या वर्षीं नाहींसें होतें, यावरूनच त्या घरास तवानगी आली कीं तें मोडलें हें कळावयाचें असतें.

रामाजी अनंतास जें काम सांगितलें होतें तें प्रत्येक कुळाची निराळी खबर घेण्याचें होतें. त्या खबरेचे कागद जेथें जेथें उरले असतील तेथून ते शोधून, नांवानिशीं व तारखेनिशीं प्रसिद्ध करणें हें आज संशोधकांचें काम आहे. तें झाल्यावर जुन्या राज्यांच्या दयेची किंवा कठोरपणाची चर्चा करूं. आणि ती चर्चा तेव्हां फार थोडक्यांत आटोपेल.